गुळाची पेठ वसवणारा राजा

मैत्रिणींनो, लग्न होऊन मी जयसिंगपूरला आले तेव्हा मला सगळ्यात नवल वाटलं ते इथल्या पत्त्यांचं. माझ्या माहेरी गल्ल्यांना देवांची नावं, नाहीतर कुणा जुन्या घराण्याची. इथे मात्र नुसते आकडे. अमकी गल्ली पाचवी, तमकी गल्ली नववी. रस्ते सरळसोट, एकमेकांना काटकोनात छेदणारे. भाजी आणायला गेलं तरी चुकायची सोय नाही! कुणीतरी कागदावर पट्टीने रेघा ओढून गाव आखलंय, असं मला वाटायचं. पुढे कळलं की खरंच तसं झालं होतं. १९१७ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी रेल्वेच्या कडेला ही बाजारपेठ आखून घेतली आणि आपल्या जन्मदात्या वडिलांचं, जयसिंगरावांचं नाव तिला दिलं.

शाहू महाराज म्हटलं की आपल्याला काय आठवतं? आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं शिक्षण. शाळेत तेवढंच शिकवतात आणि २६ जूनला, सामाजिक न्याय दिनाला, भाषणंही तेवढ्यावरच होतात. ते महत्त्वाचं आहेच, त्याबद्दल वादच नाही. पण या राजाला पेठा वसवायचं, धंदे उभे करायचं वेड होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आज आपल्या प्रत्येकीच्या गावात हाच प्रश्न आहे ना? पोरं शिकली, आता काम कुठाय? म्हणून आज मी त्यांच्या आयुष्याची ही बाजू सांगणार आहे.

त्यांचं जन्माचं नाव यशवंत. २६ जून १८७४ चा जन्म, घराणं कागलचं घाटग्यांचं. आई राधाबाई, मूल तीन वर्षांचंही झालं नव्हतं तेव्हाच गेल्या. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता. चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंताला दत्तक घेतलं आणि त्याचा शाहू झाला. दोन वर्षांनी वडीलही गेले. दहा-बारा वर्षांचं ते पोर, डोक्यावर राज्य आणि घरात मायेचं माणूस नाही. राजकोटला राजकुमारांच्या कॉलेजात शिक्षण झालं, मग धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, राज्यकारभार हातात आला.

कारभार हातात घेतल्यावर काय दिसलं? संस्थानच्या वरच्या ७१ जागांपैकी ६० जागा एकाच जातीच्या माणसांकडे होत्या. म्हणजे सरकारी नोकरी हा बाकीच्यांच्या स्वप्नातलासुद्धा विषय नव्हता. मग बाकीच्यांनी करायचं काय? शेती. आणि शेती म्हणजे पाऊस पडला तर ज्वारी, नाही पडला तर उपास. ज्यांना शेतीही नाही त्यांनी बलुत्याचं काम करायचं आणि सुगीला खळ्यावर हात पसरायचा.

कोल्हापूरकडे त्या वेळी एक गोष्ट मात्र होती. ऊस आणि त्याचा गूळ. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली होती. त्याआधी माल बैलगाडीने जायचा, नाहीतर घाट उतरून राजापूरच्या बंदराकडे. किती दिवस लागणार, वाटेत पावसाने किती पाघळणार, सगळं देवाच्या हवाली. रेल्वे आल्यावर हे बदलायला हवं होतं. पण गाडी येऊन उभी राहिली म्हणजे लगेच व्यापार होतो असं थोडंच आहे? माल साठवायला वखारी हव्यात, तोलायला काटा हवा, आधी पैसे मोकळे करणारा अडत्या हवा, पोती उचलायला हमाल हवेत. एकाच जागी दहा खरेदीदार असले तर भाव पुकारून वाढणार. एकटा असला तर तो देईल तो भाव. आमच्या घरात उसाची शेती आहे, त्यामुळे हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

राज्यावर आल्यावर वर्षभरातच, १८९५ मध्ये, एकवीस वर्षांच्या या राजाने रेल्वे स्टेशनजवळ शाहूपुरीची पेठ वसवली. आखीव गल्ल्या, दुकानांना आणि वखारींना जागा, आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांनी इथे येऊन बसावं म्हणून सवलती. व्यापारी आले. त्यांच्यापाठोपाठ अडते, तोलणारे, हमाल, गाडीवान, पोती शिवणाऱ्या बायका, चहावाले आले. बघता बघता कोल्हापूरचा गूळ देशभर नावाने विकला जाऊ लागला. गुजराथेत तर आजही घरोघरी कोल्हापुरी गूळ मागून घेतात. २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

माझ्या आजेसासूबाई गुऱ्हाळाच्या हंगामाचं वर्णन करायच्या तेव्हा ऐकत राहावंसं वाटायचं. चुलवाणात चिपाडं घालणारा जळव्या, काहिलीवर नजर ठेवणारा गुळव्या, मळी काढणारी माणसं. गुळव्याला म्हणे पाक बोटावर घेतल्याबरोबर कळायचं उतरवायचं कधी. घटकाभर चुकला तर अख्खी काहील वाया. मग वाफ्यात ओतायचं, साच्यात घालून रवा बांधायचा आणि गाड्या जुंपून पेठेकडे निघायचं. दिवाळीच्या पाडव्याला सौद्यांचा मुहूर्त होतो तो आजही. पेठ आता शाहूपुरीतून मोठ्या मार्केट यार्डात गेली आहे, आणि त्या यार्डालाही महाराजांचंच नाव आहे. एका पेठेमागे इतक्या चुली पेटतात! गुऱ्हाळावर राबणाऱ्या आमच्या बायकांच्या मजुरीचा हिशेब मात्र कुणी फारसा ठेवलेला दिसत नाही, हेही खरं.

पेठ वसवली आणि लगेच दुसऱ्या वर्षी दुष्काळ. १८९६-९७ चा तो दुष्काळ आणि त्याच्याच मागोमाग प्लेग. नव्या राजाची परीक्षाच म्हणायची. त्यांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली. रस्त्यांची, तळ्यांची, विहिरींची कामं काढली, म्हणजे हाताला काम आणि पोटाला भाकरी. आणि एक गोष्ट केली ती वाचून मी थक्क झाले. या कामांवर खडी फोडायला, माती वाहायला बायका यायच्या, कडेवर पोरं. त्या पोरांना सांभाळायला महाराजांनी कामाच्या जागी पाळणाघरांची सोय केली. बघा, सव्वाशे वर्षांपूर्वी! आज आपल्या गावात बांधकामावर जाऊन बघा. वाळूच्या ढिगाऱ्यावर फडक्यात गुंडाळलेलं लेकरू असतं आणि आई दुसऱ्या मजल्यावर घमेलं चढवत असते.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले. तिथे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या गॅझेटमध्ये तो प्रसिद्ध हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गातल्या माणसांनी भरायच्या. यावरून केवढं वादळ उठलं! आधीच वेदोक्ताचं प्रकरण पेटलेलं होतं, त्यात हे. पण ते मागे हटले नाहीत. त्या प्रवासात युरोपातली धरणं, कालवे बघून आले, ते आपल्याकडे का नको हा किडा डोक्यात घेऊनच.

उसाला पाणी लागतं आणि पाण्याशिवाय गुळाची पेठ किती वाढणार? म्हणून दाजीपूरच्या जंगलाखाली, भोगावती नदीवर धरण बांधायचं ठरलं. तिथे जे गाव वसवलं त्याला लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं. तेच राधानगरी. तलावाला राणीचं नाव, लक्ष्मीबाईंचं. वडिलांच्या नावाची पेठ आणि लेकीच्या नावाचं धरणाचं गाव. मला हे फार आवडतं. काम १९०९ मध्ये सुरू झालं. एका छोट्या संस्थानाने आपल्या खजिन्यातून एवढं मोठं धरण बांधायला घेणं ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती, आणि खरं सांगायचं तर ते संस्थानाला झेपलं नाही. १९१८ च्या सुमारास पैशांअभावी काम थांबलं. भिंत काही फूट उंचीवर तशीच राहिली. महाराजांच्या हयातीत धरण पुरं झालंच नाही, ते झालं स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. आज त्यात सुमारे ८ टीएमसी पाणी साठतं. पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की इकडे आम्ही नदीकाठची माणसं टीव्हीसमोर बसून पाण्याची पातळी मोजू लागतो. पण उन्हाळ्यात ऊस हिरवा दिसतो तो याच पाण्यावर. आणि ऊस वाढला तसे पाणी उपसायचे पंप आले, इंजिनं आली. ती बिघडली की दुरुस्त करणारे मिस्त्री तयार झाले. पुढे त्यांचे कारखाने झाले, ओतशाळा झाल्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरचं मूळ शोधत गेलं तर ते असं उसाच्या फडात सापडतं.

१९०६ मध्ये कोल्हापुरात कापडगिरणीची पायाभरणी झाली. नाव शाहू छत्रपती स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, लोकांच्या तोंडी नुसती शाहू मिल. (शेजारच्या इचलकरंजीच्या जहागिरीत त्याच्या दोनच वर्षं आधी, १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसला होता. म्हणजे या भागात तेव्हा वारंच तसं वाहत होतं.) शेतात काम नसलेल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळतो, ही कल्पनाच नवी होती. रोख पगार घरात आला की घरातल्या बाईला वाण्याकडे वर्षभराची उधारी करावी लागत नाही, हे मी वेगळं सांगायला नको. कोल्हापुरातल्या कितीतरी घरांच्या तीन-तीन पिढ्या या गिरणीने पोसल्या. स्वातंत्र्यानंतर ती सरकारी महामंडळाकडे गेली आणि या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीला त्याच गिरणीच्या आवारात मोठी प्रदर्शनं भरली होती. ६ मे रोजी सकाळी दहा वाजता सारं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभं राहिलं. तो क्षण टीव्हीवर बघताना अंगावर काटा आला. पण मनात आलं, गिरणी चालू असती तर?

पेठ, धरण, गिरणी यांबरोबर शिक्षणही चाललंच होतं. मला वाटतं, महाराजांनी हे दोन्ही एकमेकांपासून वेगळं मानलंच नाही. खेड्यातला मुलगा शिकायला शहरात आला तर राहणार कुठे, जेवणार कुठे? म्हणून १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. मिस क्लार्क होस्टेल १९०८ चं. आणि १९१७ मध्ये सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं. मूल शाळेत घातलं नाही तर आईबापांना महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा एक रुपया, बरं का!

त्याच वर्षी आमचं जयसिंगपूर वसलं. मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला, शिरोळ भागात. कृष्णाकाठची काळी कसदार जमीन, पीक मुबलक, पण पलीकडेच सांगली-मिरजेच्या पेठा, आणि त्या दुसऱ्या संस्थानांत. आपल्या शेतकऱ्याचा माल आपल्याच हद्दीत विकला जावा, जकात आणि अडत आपल्याकडे राहावी, हा हिशेब त्यामागे असणारच. राजा असला म्हणून काय झालं, तोही चार पैशांचा विचार करतोच. आज दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसदरासाठी शेतकऱ्यांची परिषद भरते ती याच गावात. मालाला भाव मिळावा म्हणून वसवलेल्या गावात भावासाठी भांडणारी माणसं जमतात, याची मला मोठी गंमत वाटते.

कुस्तीचं खासबाग मैदान, पॅलेस थिएटर (म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, जे ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं), गायक-वादकांना आश्रय, बाबूराव पेंटरांच्या सिनेमा कंपनीला हातभार, यांवर लिहायचं तर अख्खी पुरवणी लागेल. एवढंच सांगते की त्या सिनेमा कंपनीला भांडवल पुरवणाऱ्यांत तानीबाई कागलकर या गायिकाही होत्या. आपल्याकडच्या पहिल्या चित्रपटांमागे एका बाईची पुंजी होती.

बायकांसाठी त्यांनी काय केलं, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. संस्थानातल्या मुलींच्या शाळांची अधिकारी म्हणून त्यांनी रखमाबाई केळवकरांना नेमलं. एका बाईच्या हाताखाली सगळं खातं! त्यांची लेक कृष्णाबाई डॉक्टर व्हायला निघाली तेव्हा शिष्यवृत्ती दिली, पुढे विलायतेलाही पाठवलं. त्या परत येऊन कोल्हापूरच्या दवाखान्यात रुजू झाल्या. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही बायका तयार नसायच्या, त्या काळात कितीजणींचा जीव त्यांच्यामुळे वाचला असेल. १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाची नोंदणी करणारा कायदा, त्यानंतर आंतरजातीय लग्नाला मान्यता, १९१९ मध्ये बायकांना क्रूरपणे वागवणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा. तरी पेठेत, गिरणीत, कचेरीत मोठ्या जागांवर बायका दिसत नव्हत्या. तेवढं त्यांच्याकडूनही झालं नाही, आणि ते झाकायचं कारण नाही.

पण घरात काय केलं ते ऐका. धाकटे राजपुत्र शिवाजी यांचं लग्न १९१७ मध्ये इंदुमतीदेवींशी झालं. एका वर्षातच, जून १९१८ मध्ये, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून राजपुत्र गेले. सून जेमतेम अकरा वर्षांची. राजघराण्यात विधवा म्हणजे चार भिंती आणि पडदा, आयुष्यभर. मुलाच्या दुःखाने महाराज पार खचले होते. तरीही त्यांनी सुनेला वाड्यातून काढून सोनतळीच्या बंगल्यावर नेलं आणि तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. एकटीला कंटाळा येऊ नये म्हणून वेगवेगळ्या जातींच्या चार मुली तिच्याबरोबर शिकायला ठेवल्या. वाड्यातल्या बायामाणसांना हे रुचलं नाही. साहजिकच आहे, आपल्याकडे तरी कुठे रुचतं? पुढे तिने डॉक्टर व्हावं असं सासऱ्यांच्या मनात होतं. ते झालं नाही, पण १९२५ मध्ये इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या. तेव्हा सासरे हयात नव्हते.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी. १९१८ मध्ये महाराजांनी बलुतेदारी मोडली. महाराने गावची वेठ करायची, चांभाराने चामडंच कमवायचं, ही सक्ती संपली. कुणीही कुठलाही धंदा करावा. पण कायदा झाला म्हणून गिऱ्हाईक येतं का? राजवाड्यात घोड्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा नोकर होता. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला बेदम मारलं. महाराज बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांना कळलं, मारणाऱ्यांना शिक्षा झाली. मग त्यांनी गंगारामला स्वतःचा धंदा काढायला सांगितलं आणि त्यासाठी पैसे दिले.

गंगारामने भाऊसिंगजी रस्त्यावर, भर वस्तीत चहाचं हॉटेल टाकलं. नावही झोकात ठेवलं, सत्यसुधारक हॉटेल. चहा फक्कड, जागा स्वच्छ, पण येणार कोण? अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायची कुणाची छाती नव्हती. महाराजांच्या कानावर हे गेलं. मग ते फिरायला निघाले की गाडी नेमकी या हॉटेलासमोर थांबू लागली. स्वतः चहा मागवायचे, प्यायचे आणि गाडीत बरोबर असलेल्या बड्या बड्या अधिकाऱ्यांनाही पाजायचे. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाही म्हणून परत कोण करणार? सही घ्यायला कुणी माणूस आला तरी त्याला आधी चहा. हळूहळू गावाची भीड चेपली आणि गंगारामच्या गल्ल्यात पैसे पडू लागले. गुंतवणूक, प्रोत्साहन, बाजारपेठ मिळवून देणं असे मोठमोठे शब्द आपण पेपरात वाचतो. इथे ते सगळं एका कपात मावलं होतं.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वयाची अट्ठेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मधुमेहाने आणि मुलाच्या दुःखाने शरीर पोखरलं होतं. धरणाची भिंत अर्धी होती, जयसिंगपूरच्या गल्ल्यांत अजून तुरळक घरं होती. त्यानंतर काही वर्षांतच कोल्हापूरच्या नंगीवली चौकात त्यांचं पहिलं स्मारक उभं राहिलं. ते संस्थानाने नाही बांधलं, शाहूपुरीच्या धनिक व्यापाऱ्यांनीही नाही. आपल्या समाजातून वर्गणी गोळा करून ते उभं केलं गंगाराम कांबळे यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी.